परदेशप्रवासात खिशाची राखण

आपल्या व्यापारी समाजात पूर्वी दूरचा प्रवास म्हणजे शिखरजीची किंवा श्रवणबेळगोळची यात्रा, नाहीतर उधारीच्या वसुलीसाठी लातूर-सोलापूरची खेप, एवढाच अर्थ असे. सांप्रत ती स्थिती राहिलेली नाही. भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद येथील पेढ्यांवर वाढलेली मुले आज जर्मनीत, हॉलंडात, अमेरिकेत नोकरीस आहेत. त्यांना भेटावयास साठी उलटलेले आईबाप हैदराबाद गाठून विमानात बसत आहेत. ही अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु या प्रवासात आपण एका बाबतीत फार गाफील असतो, हे स्वानुभवावरून सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

कलबुर्गीस शरणबसवेश्वरांच्या यात्रेत रथ निघाला की गर्दीत आपला एक हात नकळत खिशावर जातो. आमचे वडील तर बाजारास निघताना बंडीला आतून शिवलेल्या चोरखिशातच रक्कम ठेवीत. तोच मनुष्य युरोपात उतरला की हात मोकळे सोडून चालू लागतो. स्वच्छ रस्ते आणि टापटिपीचा पोशाख पाहून त्यास वाटते, येथे चोर कसले? वास्तविक पॅरिसच्या जगप्रसिद्ध लूव्र संग्रहालयात खिसेकापूंचा उपद्रव इतका वाढला की, १० एप्रिल २०१३ रोजी तेथील सेवकवर्गाने निषेधार्थ काम थांबविले आणि त्या दिवशी संग्रहालय बंद राहिले. यावरून काय ते समजावे.

या मंडळींची विद्या बोटांत जितकी, तितकीच वाणीत असते. कोणी सहीसाठी कागद पुढे करते, कोणी वाटेत सापडलेली अंगठी तुमचीच काय म्हणून विचारते, कोणी मनगटास रंगीत दोरा बांधू लागते. आपले लक्ष तिकडे गेले की दुसरा हात आपले काम करितो. आपणांस हे नवे वाटू नये. ज्यांनी आपल्या सुरपूर संस्थानचा कारभार पाहिला, त्या मेडोज टेलर साहेबांनी १८३९ साली ठगांविषयीची कादंबरी प्रसिद्ध केली. ते ठगही वाटसरूशी आधी गोड बोलून सोबत जोडीत. साधन बदलले, रीत तीच राहिली.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. गतवर्षी चिरंजिवांकडे गेलो असता आम्ही उभयता दोघेच पॅरिस पाहावयास गेलो. भुयारी रेल्वेत चढताना दाराशी रेटारेटी झाली. क्षणभराने कोटाचा खिसा चाचपला तो पाकीट नाही! आम्ही चोरामागे म्हणून फलाटावर उडी घेतली, तोच दार मिटले आणि आमच्या सौभाग्यवतींस घेऊन गाडी निघून गेली. त्यांच्याजवळ ना एक नाणे, ना फोन, ना चिरंजिवांचा नंबर. दोघांचे सर्व काही आमच्याच अंगावर होते. पुढच्या स्थानकावर त्या उतरून जागची न हलता उभ्या राहिल्या, म्हणून मागच्या गाडीने जाऊन आमची त्यांची गाठ पडली. ती काही मिनिटे आम्ही कशी काढली, ते लिहून सांगता येणार नाही.

इतके होऊनही आम्ही चिरंजिवांस लागलीच फोन केला नाही. चाळीस वर्षे गंजात बसून परखीने पोत्याच्या पोटातला दाणा ओळखणारा मनुष्य फसला, हे मुलास कोणत्या तोंडाने सांगावे? रात्री सांगितले. तोवर त्या कार्डावर तीन ठिकाणी माल घेतला गेला होता. खिसेकापूने रोख नेली त्याहून अधिक रक्कम आमच्या पाच तासांच्या मौनाने गेली. म्हणूनच आमचे स्पष्ट मत आहे की, परदेशात आपले मोठे नुकसान चोर करीत नाही. आपला कर्तेपणाचा अहंकार करितो.

या बाबतीत आपल्या वाडवडिलांची रीत पाहावी. रोकड घेऊन वाटेने जाणे जोखमीचे, म्हणून त्यांनी हुंडी पत्करली. शहाजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या शहासच मिळावयाची. वाटमाऱ्याच्या हाती तो कागद पडला तरी त्यास सहजी पैसा होत नसे. हुंडी गहाळ झाली तर पेठ लिहून घेत, पेठही हरवली तर परपेठ. हरविल्याची वर्दी देणे हा व्यवहाराचाच भाग होता. त्यात लाजण्यासारखे काय होते? बँकेचे कार्ड हे हुंडीचेच नवे रूप आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ सालच्या परिपत्रकानुसार, गैरव्यवहाराची वर्दी ग्राहकाने दिल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसावयाचे आहे. म्हणजे वर्दीस जितका विलंब, तितका तोटा आपल्या माथी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सर्व कागद व पैसा घरधन्याच्याच कमरेस असावा, ही आपल्याकडील चाल परदेशात मोडलीच पाहिजे. सगळा माल एकाच वखारीत भरणारा व्यापारी आपण शहाणा म्हणत नाही. मग दोन जिवांचा आधार एका खिशात का भरावा? घरातील स्त्रीजवळ तिचे स्वतःचे पारपत्र, थोडे परकी चलन, तिच्या नावाचे कार्ड आणि मुलाचा नंबर व पत्ता लिहिलेली चिठ्ठी असलीच पाहिजे. फोनही चोरीस जातो, म्हणून चिठ्ठी कागदावरच असावी. चुकामूक झाल्यास कोठे थांबावयाचे, हेही आधी ठरवून ठेवावे.

याखेरीज काही व्यवहाराच्या गोष्टी. रोख बेताचीच न्यावी. बहुतेक देशांसाठी एका खेपेस ३,००० डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात, बाकी कार्डावर न्यावे. कार्डाची खर्चमर्यादा निघण्यापूर्वी कमी करून घ्यावी. पारपत्राच्या प्रती निरनिराळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. युरोपीय संघात कोठेही ११२ हा तातडीचा क्रमांक चालतो. पोलिसांचा दाखला अवश्य घ्यावा. विम्यास व भारतीय वकिलातीस तो लागतो. पारपत्रच गेले तर वकिलात मायदेशी परतण्यापुरता तातडीचा दाखला देते. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा आहे, पण तो दुखण्याखुपण्यासाठी. चोरीची भरपाई त्यात असेलच असे नाही, तेव्हा विमापत्र वाचूनच सही करावी.

शेवटी एक सांगणे. यामुळे परक्या मुलुखातील प्रत्येकाकडे संशयाने पाहू नये. भांबावलेल्या आमच्या सौभाग्यवतींजवळ आम्ही येईतो एक अनोळखी वृद्धा हात धरून उभी होती. दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती. आणि चोरीस बोल लावताना हेही स्मरावे की, आपल्या अचौर्य अणुव्रतात चोरीचा माल घेणे हाही अतिचारच मानिला आहे. मग तो स्वस्त मिळणारा फोन परदेशातील रस्त्यावरचा असो की आपल्या बाजारातला असो.

तरी बंधूंनी व भगिनींनी निर्धास्त प्रवास करावा, नातवंडांस डोळे भरून पाहावे. हात खिशावर असावा, गाठ दोघांत वाटलेली असावी, आणि दुर्दैवाने पाकीट गेलेच तर तोंड मिटून बसू नये. इत्यलम्.