अळी जिवंत आहे, पण कोणाची?

हरभऱ्याचे सर्वेक्षण सुरू झाले की आपल्या वहीत एकच आकडा चढतो: ओळीच्या एका मीटरमध्ये घाटेअळ्या किती. त्यांतल्या किती अळ्यांच्या पोटात आधीच दुसरा जीव वाढतो आहे, याचा रकाना वहीत नसतो. तो हवा, असे आमचे ठाम मत आहे.

कॅम्पोलेटिस क्लोरिडी ही बारीक गांधीलमाशी लहान अळी गाठून तिच्यात अंडे घालते. अंड्यासोबत तिच्या अंडाशयातले विषाणूही अळीत उतरतात. एरवी अळीच्या रक्तपेशी परक्या अंड्याला चिकटतात, त्यावर थरावर थर चढवतात आणि ते मारतात. विषाणूची जनुके या पेशींनाच निकामी करतात. एडसन, विन्सन, स्टोल्ट्झ व समर्स यांनी १९८१ मध्ये हिच्याच अमेरिकी जातबहिणीवर, कॅम्पोलेटिस सोनोरेन्सिसवर, हे सिद्ध केले. धुऊन टोचलेली अंडी अळीने वेढून टाकली. सोबत शुद्ध विषाणू दिला तेव्हा ती वाचली.

हा विषाणू अळीत वाढत नाही. त्याची जनुके गांधीलमाशीच्या गुणसूत्रांतच सामावलेली असतात आणि कण तयार होतात ते मादीच्या अंडाशयात. कोबीवरील चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला आवरणाऱ्या कोटेशिया गांधीलमाशीच्या कुळात ही सोयरीक सुमारे १० कोटी वर्षांची आहे. कॅम्पोलेटिसचा विषाणू मात्र वेगळ्या पूर्वजाचा. म्हणजे असे नाते निसर्गात एकाहून अधिक वेळा जुळले!

आपण घाटेअळीवर फवारतो तो एचएएनपीव्ही विषाणू अगदी उलट: तो अळीतच वाढतो आणि तिला मारतो. गांधीलमाशीची अळी बाहेर पडण्याआधी यजमान मेला, तर तीही मरते. म्हणून जैविक फवारणीलाही वेळ पाहावी लागते. सरसकट मारणाऱ्या कीटकनाशकांबद्दल तर बोलायलाच नको.

पोटात परजीवी असलेली अळी हालते, पण खाते कमी आणि खुरटते. शंका आली की दहा-वीस लहान अळ्या पाल्यासह डब्यांत ठेवा, प्रत्येक वेगळी; घाटेअळ्या एकमेकींना खातात. आठवडा-दहा दिवसांत गांधीलमाशीचे कोष दिसू लागतील. या हंगामात प्रत्येक सर्वेक्षकाने हा आकडा अळ्यांच्या आकड्याशेजारी लिहावा आणि शेतकऱ्याला फवारणीचा सल्ला दोन्ही पाहूनच द्यावा.