अनुभव हवा, पण कुणाच्या खर्चाने?

आमच्या वर्ध्याच्या अभ्यासगटात आर्वी तालुक्यातली एक मुलगी येते. बाप नाही. आई दुसऱ्याच्या शेतात निंदण-वेचणीला जाते. मुलीने बी.ए. करून एलएल.बी. केलं. घरातली ती पहिली पदवीधर. तिच्या डोक्यात एकच होतं : दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाची परीक्षा द्यायची. लोकसेवा आयोगाची ही परीक्षा म्हणजे आधी पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षा, मग मुलाखत. गुणांची आणि वयाची अट पाळली की नव्या पदवीधरांना वकिली न करताही तिला बसता येत असे.

२० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. यापुढच्या भरतीत किमान तीन वर्षं वकिली केलेल्यांनाच या परीक्षेला बसता येईल. मुलीने घरी जाऊन सांगितलं. आई म्हणाली, "तीन वर्षं फुकट काम कराचं? आन् मंग लगन कवा कराचं तुह्यं?"

आईने फक्त दोन प्रश्न विचारले, आणि दोन्हींचं उत्तर निकालात नाही.

ही अट नवी नाही. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानेच ती घातली होती. २००२ साली शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर काढली, कारण हुशार पदवीधर तीन वर्षं थांबून या नोकरीकडे वळत नाहीत असं दिसलं होतं. २०२५ मध्ये ती परत आली, कारण कोर्टात कधी उभे न राहिलेले न्यायाधीश नीट काम करत नाहीत अशी उच्च न्यायालयांची तक्रार होती.

ही तक्रार खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. पोटगीच्या अर्जावर वर्षानुवर्षं पेशीवर पेशी देणारा न्यायाधीश आपण पाहिला आहे. कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेली बाई काय भोगते हे न्यायाधीशाला कळायलाच हवं. पण हा अनुभव गोळा करताना पोट कुणाचं उपाशी राहणार, हे का ठरवलं नाही?

तालुक्याच्या कोर्टातली ज्युनियर वकील बाई कशी जगते ते पाहा. सकाळी सीनियरच्या ऑफिसात फायली लावायच्या, दिवसभर तारखा घ्यायच्या, संध्याकाळी अर्ज टाईप करायचे. महिन्याला हातात काय येतं? कुठे हजार-दोन हजार, कुठे "शिकतेस ना, तेच पुष्कळ." बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, की ज्युनियरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत. 'द्यावेत' आहे, 'दिलेच पाहिजेत' नाही. आमच्या गटातल्या एकीनेही ते पैसे पाहिलेले नाहीत. वकिलाच्या मुलाची ही तीन वर्षं बापाच्या ऑफिसात जातात आणि तो त्यांना वारसा म्हणतो. शेतमजुराच्या मुलीसाठी ती तीन वर्षांची वेठबिगारी होते.

शिवाय सीनियर पुरुष, ऑफिस त्याचं, वेळ रात्रीची. मुलीशी गैरवागणूक झाली तर तिने जायचं कुठे? जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की बार कौन्सिल ही वकिलांची मालक नाही, म्हणून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा तिथे त्या अर्थाने लागू होत नाही. तक्रार व्यावसायिक गैरवर्तनाची म्हणून करावी. म्हणजे पगार मागायला गेली तर ती नोकर नाही, आणि तक्रार करायला गेली तरी नोकर नाही. मग रात्री नऊपर्यंत बसते ती कोण?

इथे एक गोष्ट प्रत्येक मुलीला सांगा. वकिलीचा दाखला फक्त आपल्या सीनियरच्याच हाती नाही. निकालाप्रमाणे त्या कोर्टातले प्रमुख न्यायिक अधिकारी दाखला देऊ शकतात. किंवा दहा वर्षं वकिली झालेला त्या कोर्टातला कुणीही वकील तो देऊ शकतो. त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. तेव्हा "दाखला पाहिजे ना?" असं म्हणून कुणी धाक घालत असेल, तर तो धाक पोकळ आहे. वर्षं मोजायची ती तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून. अखिल भारतीय बार परीक्षा पास झाल्यापासून नव्हे. म्हणून निकाल लागताच सनद घ्या. वकीलपत्रावर स्वतःचं नाव लिहून घ्या. रोजनाम्याच्या नकला जपून ठेवा. आणि सनदेसाठी हजारो रुपये मागितले तर ३० जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा : सर्वसाधारण गटाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. त्यावर एक पैसाही नाही.

मैत्रिणींनो, परीक्षा पास झाल्यावरही दार न उघडण्याची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. परत येऊन मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली, अलाहाबादला वकिलीची परीक्षा दिली. तरी बाई म्हणून त्यांना सनद मिळेना. बायकांना वकिली करू देणारा कायदा १९२३ साली आला. तेव्हा बंदी उघड होती. आज परीक्षेचा फॉर्म सगळ्यांसाठी सारखा आहे, आणि तो भरण्यापर्यंत कोण पोचेल ते घरची ऐपत ठरवते.

न्यायाधीशाच्या खुर्चीवर कोण बसतं याचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. विदर्भातल्या बाईने तरी म्हणू नये. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडलं, कारण तिच्या अंगावर खुणा नव्हत्या. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. आपल्या चळवळीला त्या पत्राने धार आली, १९८३ मध्ये कायदा बदलला. बाईच्या शरीराकडे, तिच्या गप्प राहण्याकडे न्यायाधीश कोणत्या नजरेने पाहतो यावर निकाल फिरतो, हे आपण तिथेच शिकलो. ही नजर तालुक्याच्या कोर्टात पहिल्यांदा भेटते. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज, पोटगी, पहिला जबाब, सगळं तिथेच.

आता थोडं आपल्याविषयी. निकालांविरुद्ध आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली. पण परीक्षेला बसलेल्या मुलीसाठी आपण काय केलं? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. सीनियरकडून मागून आणलेली फौजदारीची जुनी पुस्तकं अभ्यासाला पुरेनात. नवी पुस्तकं महाग. नागपूरचे क्लास त्याहून महाग. एस.टी.चं तिकीट २०२३ पासून बायकांना अर्धं झालं, पण आर्वीहून नागपूरला जाऊन-येऊन जाणारा दिवस काही अर्धा झाला नाही. घरी अभ्यासाला बसली की "आधी भाकरी टाक" आहेच. पोरगा अभ्यास करतो तेव्हा घर गप्प बसतं. पोरगी अभ्यास करते तेव्हा घरातली कामं तिला हाका मारतात. पहिल्या खेपेला नापास झाली तर भावाला "पुन्हा बस" म्हणतात, आणि तिला पाहुणे दाखवतात.

आमच्या गटाने फार मोठं काही केलेलं नाही. कार्यालयाची एक खोली संध्याकाळी अभ्यासाला उघडी ठेवली. वर्गणीतून नव्या कायद्यांचे मूळ मजकूर आणले. रविवारी दोघी-तिघी मिळून एक निकाल वाचतात आणि आपल्या शब्दांत मराठीत लिहून काढतात. कुणाच्या घरी लग्नाची घाई सुरू झाली की आमच्यातली एक म्हातारी कार्यकर्ती जाऊन आईजवळ बसते. मला वाटतं, यातलं शेवटचं काम सगळ्यांत मोठं आहे.

पण ज्या खर्चाचा भार व्यवस्थेने उचलायचा, तो वर्गणीतून किती दिवस उचलणार? म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. तीन वर्षांची अट ठेवायची असेल तर त्या तीन वर्षांचं विद्यावेतन कायद्याने बंधनकारक करा. गरीब घरच्या मुलींना ते शासनाने द्यावं.

२. न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून केलेलं काम अनुभवात धरलं जातं. मग सनद घेतलेली बाई महिला समुपदेशन केंद्रात वर्षानुवर्षं पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या चकरा मारते, तो अनुभव का नको?

३. प्रत्येक तालुका कोर्टात ज्युनियर वकील बायांसाठी तक्रार समिती हवी, तिच्यात बाहेरची कार्यकर्ती हवी.

४. कोर्टात बायकांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असावं असा सर्वोच्च न्यायालयाचा १५ जानेवारी २०२५ चा आदेश आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक कोर्टात त्याचं काय झालं, ते जाहीर करा.

५. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींसाठी मोफत अभ्यासिका आणि वसतिगृह हवं.

चौथ्या मागणीसाठी तर कुणाची परवानगीही लागत नाही. पुढच्या पेशीला जाल तेव्हा स्वतः दार उघडून पाहा. पाणी आहे का, कडी आहे का, ते लिहून आणा. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर, आठही तालुक्यांतून कळवा. पुढच्या अंकात छापू.

ती आर्वीची मुलगी सध्या एका कोर्टात जाते. तिने वहीत तारखा लिहायला सुरुवात केली आहे. तीन वर्षांतले सात महिने झाले. बाकीची वर्षं तिने एकटीने काढायची, की आपण सगळ्यांनी मिळून, हे आपल्याला ठरवायचं आहे.