चपळ मोटार आणि तरुण सारथी

प्रत्येक पिढीच्या तरुणांस वेगाचें कांहीं ना कांहीं वेड असतेंच. आमच्या आजोबांच्या काळीं तें बैलगाड्यांच्या शर्यतींत दिसे. पुढें तें सायकलीवर व नंतर फटफटीवर स्वार झालें. आणि आज कन्नडसारख्या तालुक्याच्या गांवींही मधल्या सुटींत जो वाद हटकून रंगतो, तो मोटारींचा असतो. कोणत्या गाडीस किती अश्वशक्ति, शून्यापासून शंभरापर्यंत कोणती गाडी किती सेकंदांत पोंचते, हें इतिहासाच्या सनावळीहूनही बिनचूक सांगणारीं मुलें प्रत्येक वर्गांत भेटतात. कित्येक पालकांस ह्याचा उद्वेग वाटतो. आम्हांस तसा वाटत नाहीं. यंत्राविषयीं प्रेम हा दुर्गुण नव्हे. त्या प्रेमांतूनच उद्यांचे कुशल कारागीर व अभियंते निर्माण होतात. आमचें म्हणणें एवढेंच, कीं तुलना करावयाचीच तर ती पुरी करावी. केवळ इंजिनें तोलून तुलना पुरी होत नाहीं. खर्च तोलावा लागतो, रस्ता तोलावा लागतो, आणि शेवटीं चाकामागें बसणारा सारथीही तोलावा लागतो.

ज्या मोटारींभोवतीं हा वाद फिरतो त्यांस बाजारांत ‘हॉट हॅचबॅक’ असें म्हणतात. कुटुंबाच्या रोजच्या वापराची, मागील बाजूस वर उघडणारें दार असलेली छोटी गाडी घ्यावयाची आणि तिच्या अंगीं मोठ्या गाडीचें बळ घालावयाचें, अशी ही कल्पना आहे. १९६१ सालीं इंग्लंडांत मिनी कूपर नांवाची गाडी निघाली आणि १९६४ सालीं मॉन्टे कार्लोच्या प्रसिद्ध शर्यतींत तिनें आपल्याहून कितीतरी थोर गाड्यांस मागें टाकलें. १९७६ सालीं जर्मनींत फोक्सवागन कंपनीनें गोल्फ जीटीआय ही ११० अश्वशक्तीची गाडी बाजारांत आणली. तेव्हांपासून सामान्य मिळकतीच्या तरुणासही वेगवान गाडी घेतां येईल, असा एक नवाच पंथ रूढ झाला.

आपल्या देशांत ह्या पंथास एक निराळें वळण मिळालें, आणि तें दिलें कराच्या नियमानें. २००६ सालच्या अर्थसंकल्पांत चार मीटरांहून कमी लांबीच्या व १२०० घनसेंटिमीटरांपर्यंत पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांस ‘छोटी मोटार’ ठरवून त्यांवरील कर कमी केला गेला. ही रेषा पुढेंही टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या गाड्यांवरील वस्तु व सेवा कर १८ टक्के झाला, तेव्हांही मर्यादा तीच राहिली. म्हणून आपल्याकडील कारखानदारांनीं बहुधा इंजिन मोठें करण्याऐवजीं लहान इंजिनास टर्बोचार्जर जोडला. धुराड्यांतून वायां जाणाऱ्या वायूच्या जोरावर एक चिमुकलें चक्र फिरतें, तें हवा दाबून इंजिनांत भरतें, आणि अधिक हवेबरोबर अधिक इंधन जळून अधिक शक्ति मिळते. मर्यादेंत राहून सामर्थ्य कसें वाढवावें, ह्याचा हा मोठा सुंदर धडा आहे.

ह्या गाड्या आपणांस परक्याही नव्हेत. आपल्याच जिल्ह्यांत शेंद्रा येथें २००१ सालापासून स्कोडा कंपनीचा कारखाना चालू झाला. फोक्सवागनची पोलो पुण्याजवळ चाकण येथें तयार होत असे. फियाटची पुंटो रांजणगांव येथें. तेव्हां ज्या गाडीचें चित्र मुलगा वहीच्या पाठीवर काढतो, ती घडविणारे हात पुष्कळदां मराठी बोलणाऱ्यांचेच होते, हें त्यानें विसरूं नये.

आतां प्रत्यक्ष तुलनेकडे वळूं. २०१३ सालीं पोलो जीटी टीएसआय ही गाडी १.२ लिटर इंजिन, १०५ अश्वशक्ति व सात गतींचा स्वयंचलित गिअर घेऊन आली. २०१५ सालीं फियाटनें पुंटोस आबार्थ हें नांव व १४५ अश्वशक्ति देऊन दहा लाखांच्या आंत उभी केली. बळाच्या दृष्टीनें तिच्या किमतींत तिला जोड नव्हती. २०१७ सालीं मारुतीची बलेनो आरएस आली. तिची शक्ति १०२, परंतु तिच्या चारी चाकांस डिस्क ब्रेक होते. २०१८ सालीं टाटांची टियागो जेटीपी ११४ अश्वशक्ति घेऊन साडेसहा लाखांच्या आंत मिळूं लागली. २०२१ सालीं ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन आणि २०२४ सालीं टाटांची अल्ट्रोझ रेसर आली. ह्या दोहोंची शक्ति प्रत्येकी १२० असून आरंभीची किंमत दहा लाखांच्या किंचित् आंत होती. रेसरमध्यें सहा एअरबॅगा दिलेल्या होत्या.

केवळ अश्वशक्तीचा निकाल मागाल तर आबार्थ पुंटो पहिली. परंतु तिची जमिनीपासूनची उंची नेहमीच्या पुंटोहून कमी केलेली होती. जो तरुण तिला शेतवस्तीच्या रस्त्यावर नेईल, त्यास खड्ड्याखड्ड्याला तिचें पोट घासल्याचा आवाज ऐकावा लागेल. पोलोचा दुहेरी क्लचचा गिअर मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा चालतो; पण घाटांतील खोळंब्यांत, जेथें गाडी हातहात पुढें सरकते, तेथें असा कोरडा क्लच तापतो. बलेनोची शक्ति थोडी, पण थांबण्याची व्यवस्था उत्तम. म्हणजे ‘सर्वांत चांगली गाडी कोणती’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या रस्त्यावर, कोणाच्या हातीं व कोणाच्या पैशानें’ हें त्यास जोडलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. वर सांगितलेल्या सहांपैकीं पहिल्या चार गाड्यांची निर्मिति बंद झाली. बलेनो आरएस व टियागो जेटीपी २०२० सालींच गेल्या, पोलो २०२२ सालीं गेली, आणि फियाटनें तर ह्या देशांतील आपला मोटारविक्रीचा व्यवसायच आवरला. त्यामुळें तरुणाच्या खिशास परवडणारी म्हणून जी गाडी पुढें येते, ती बहुधा जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली असते. अशी गाडी स्वस्त मिळते हें खरें. पण जी वस्तु घेण्यास स्वस्त ती बाळगण्यास स्वस्त असतेच असें नाहीं. विशेष मापाचे रुंद टायर, टर्बोचार्जर, गिअरपेटी ह्यांपैकीं एकाचें काम निघालें म्हणजे दोन महिन्यांचा पगार जातो. शिवाय पहिल्या मालकानें तिला कशी पळविली, हें मीटर सांगत नाहीं. म्हणून घेण्यापूर्वीं दुरुस्तीची वही, अपघाताचा व विम्याचा इतिहास आणि टायरांची झीज पाहावी; आणि शहरांतील जाणत्या मिस्त्रीस दिवसाची मजुरी देऊन ती तपासून घ्यावी. ती मजुरी पुढील दहापट खर्च वांचविते.

विम्यांतही एक गंमत आहे. २०२२ सालीं ठरलेल्या दरांप्रमाणें तृतीय पक्षाच्या विम्याचा वार्षिक हप्ता १००० घनसेंटिमीटरांपर्यंतच्या खासगी मोटारीस २,०९४ रुपये, तर त्यापुढें १५०० पर्यंत ३,४१६ रुपये. तेव्हां १२० अश्वशक्तीचीच आय-ट्वेंटी एन लाइन, तिचें इंजिन ९९८ घनसेंटिमीटरांचें असल्यामुळें, कमी हप्त्यांत बसते. तितक्याच शक्तीची रेसर मात्र वरच्या गटांत जाते. मुलांनीं अशा तुलना कराव्या. त्यांतच खरी व्यवहारबुद्धि वाढते.

येथवर यंत्राची तुलना झाली. आतां सारथ्याकडे पाहूं. पदार्थविज्ञानाच्या तासास आपण शिकतों, कीं गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. कोरडा रस्ता व चांगले टायर असतां मोटार दर सेकंदास सेकंदीं सात मीटर ह्या मानानें वेग कमी करूं शकते, आणि चालकास धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो, असें धरूं. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सुमारें ३७ मीटरांत थांबेल; ताशी १०० वेगाच्या गाडीस सुमारें ८३ मीटर लागतील. परंतु ह्याहून भयंकर गोष्ट पुढेंच आहे. जेथें पहिली गाडी पूर्ण थांबली, त्याच जागीं दुसऱ्या गाडीचा वेग अद्याप ताशी ९० किलोमीटरांहून अधिक असेल. समोर एखादी म्हैस, सायकलवरील मूल किंवा बिनदिव्याचा ट्रॅक्टर उभा असल्यास ह्या दोन आंकड्यांमध्यें जीवनमरणाचें अंतर आहे. विद्यार्थ्यांनीं हें गणित आपल्या वहींत स्वतः करून पाहावें. आमच्या शब्दावर विसंबूं नये.

आणि ह्या वेगानें मिळवितों तरी काय? कन्नडपासून संभाजीनगरापर्यंत सुमारें ६० किलोमीटर. सरासरी ताशी ६० ऐवजीं ७५ चा वेग राखला तर बारा मिनिटें वांचतात. तीं बारा मिनिटें बहुधा चहाच्या टपरीवर जातात!

आपल्या गांवाची परिस्थिति तर अधिकच सावधपणा मागते. एका अंगास औट्रम घाटाचीं वळणें आहेत. ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं अतिवृष्टीनें तेथें दरड कोसळून घाट बंद पडला होता, आणि तेथील कोंडी व धोका पाहून २०२३ सालीं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास जड वाहनांना मनाई करावी लागली. दुसऱ्या अंगास, जिल्ह्यांतून जाणारा समृद्धि महामार्ग. तेथें सरळ रस्ता व ताशी १२० ची मर्यादा तरुणास हांक मारते. घाट भीति घालतो म्हणून माणूस जपतो. सरळ रस्ता भुलवितो म्हणून माणूस फसतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं सुमारें ७१ टक्के मृत्यु अतिवेगाशीं निगडित होते, आणि बळी पडलेल्यांत सर्वांत मोठा वर्ग तरुणांचा व कर्त्या माणसांचा होता. प्रत्येक आंकड्यामागें एक घर आहे, हें आम्ही पालकांस सांगावयास नको.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाहीं. आमचे कांहीं माजी विद्यार्थी म्हणतात, कीं अशक्त गाडीनेंही अपघात होतात. उलट ट्रक ओलांडतांना दमदार इंजिन गाडीस लवकर पार नेतें, म्हणून शक्ति हीच सुरक्षितता होय. ह्यांत तथ्य आहे. परंतु राखीव शक्ति ही राखीव धान्यासारखी आहे. ती कोठारांत असतांना उपयोगी, रोज उधळली तर निरुपयोगी. जो अनुभवी चालक वर्षांतून दहा वेळां ती शक्ति वापरतो, त्यास ती तारते. जो नवशिका दिवसांतून दहा वेळां वापरतो, त्यास ती ओलांडूं नये तेथें ओलांडावयास शिकविते. दोष इंजिनाचा नव्हे, क्रमाचा आहे. आधीं नजर, मग ब्रेक, मग टायर, आणि सर्वांच्या शेवटीं अश्वशक्ति, हा क्रम उलटला कीं अनर्थ ओढवतो.

कायद्यानेंही हा क्रम सांगितला आहे. अठरा वर्षें पुरी झाल्यावांचून मोटार चालविण्याचा परवाना नाहीं. २०१९ सालच्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत असें कलम आलें, कीं अल्पवयीनानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जाईल. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाहीं. १९ मे २०२४ रोजीं पुण्यांत कल्याणीनगर येथें एका भारी मोटारीखालीं दोन तरुण जीव गेले. ती गाडी अल्पवयीन मुलाच्या हातीं असल्याचा आरोप झाला, आणि त्यास प्रथम जामीन देतांना तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेल्यावर सर्व देश क्षुब्ध झाला. मागाहून तो आदेश बदलण्यांत आला. निबंध तपासण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें ते आम्ही एवढेंच म्हणतों, कीं निबंध अपघाताच्या आधीं लिहवून घ्यावयाचा असतो, नंतर नव्हे.

तेव्हां आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. ज्या तरुणानें स्वतःच्या कमाईंतून पैसा सांठविला, ज्यानें दोनतीन वर्षें घरची साधी गाडी ऊन-पावसांत, रात्रीं व घाटांत नीट चालविली, त्यानें हौसेची चपळ गाडी खुशाल घ्यावी. त्याचें आम्ही कौतुकच करूं. त्यानें आय-ट्वेंटी घ्यावी कीं रेसर, हा त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. परंतु अद्रकाचे वा कापसाचे पैसे हातीं आले, अथवा जमिनीचा मोबदला मिळाला, म्हणून मुलाच्या अठराव्या वाढदिवशीं त्याच्या हातीं शंभराहून अधिक अश्वशक्ति देणें, ह्यास आम्ही प्रेम म्हणूं शकत नाहीं. तसेंच सायलेन्सर बदलून गांव उठविणें व मूळ रचनेंत मन मानेल तसे फेरबदल करणें कायद्यास मान्य नाहीं व शेजारधर्मासही नाहीं.

पालकांनो, मुलाची आवड हंसण्यावारी नेऊं नका; त्याच्याबरोबर बसून आंकडे पाहा, खर्चाचा ताळा करा, आणि प्रथम त्यास थांबावयास शिकवा. विद्यार्थ्यांनो, तुमच्या वहींतील गाड्यांची यादी फाडूं नका. तींत अश्वशक्तीच्या शेजारीं आणखी एक रकाना आंखा, आणि प्रत्येक गाडी ताशी १०० वरून किती मीटरांत थांबते तें तेथें लिहा. तो रकाना भरण्याची ज्यास गोडी लागेल, त्याच्या शेजारीं बसून घाट उतरावयास आम्ही केव्हांही तयार आहों.