भांडी पोत्यात, मग जेवायचं काय?

बालमित्रांनो, मे महिना म्हणजे बिऱ्हाडं हलायचे दिवस. गेल्या वर्षी देगलुरातच आम्ही एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलो. सगळ्यात आधी पोत्यात जातात ती भांडी, आणि रात्री आईपुढं प्रश्न, आता खायला काय करू?

मी कढई, तवा आणि चार ताटल्या तेवढ्या बाहेर ठेवल्या. आदल्या दिवशीच धपाटे करून घेतले. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, कणीक, तीळ, ओवा, तिखट. एरवी कांदा घालते, पण टिकवायचे असले तर नको, लवकर वास येतो. नव्या घरी गॅस जोडलेला नव्हता, तरी धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीवर रात्र निभली.

दुसऱ्या रात्री सुशीला. हे तुम्हालाही जमेल बरं का! मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे (जास्त राहिले की लगदा होतो) आणि वर डाळ्याचं कूट भुरभुरायचं. फोडणी मात्र आईला घालू द्या.

तिसऱ्या रात्री धाकटा रुसला. "आपल्या घरी चल" म्हणून रडायला लागला, खिचडीला हात लावीना. तेव्हा त्याच्या आजीनं दिलेली येसराची बरणी आठवली. येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाल्यांचं पीठ. पाण्यात कालवून फोडणीत ओतलं, की एका उकळीत आमटी तयार. वास आला तसा तो उठून ओट्यापाशी आला. "भाकर आहे का?" म्हणाला.

बरणी सापडली होती ती शेवटच्या पोत्यात, चादरींच्या खाली. पुढच्या खेपेला ती माझ्या हातातल्या पिशवीत.