एकादशीचा उपवास आणि मधुमेहाची गोळी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढी एकादशीच्या दुपारी तिवस्यातील माझ्या दवाखान्यात सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना त्यांच्या मुलाने अक्षरशः उचलून आणले. अंग घामाने चिंब, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. रक्तातील साखर ४६ भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या सावध झाल्या. सकाळी मधुमेहाची नेहमीची गोळी त्यांनी घेतली होती. उपवास मात्र निर्जळी होता.

आधी का सांगितले नाही, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुमी रागावसान म्हनून नाई सांगतलं." त्यांचे म्हणणे खरे होते. "या वयात कसले उपवास करता?" असे मी त्यांना आदल्याच महिन्यात दटावले होते. त्यांनी उपवास सोडला नाही. मला सांगणे तेवढे सोडले.

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे आमच्या तालुक्यातील गाव रुक्मिणीचे माहेर मानले जाते. तेथून रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी पंढरपुरास जाते. या आजी कित्येक वर्षे त्या पालखीबरोबर पायी गेल्या होत्या. गुडघे थकले, वारी सुटली, आणि एकादशीचा उपवास एवढाच वारीशी असलेला त्यांचा संबंध उरला. हे मला त्या दिवशी कळले, कारण त्यापूर्वी मी कधी विचारलेच नव्हते.

रुग्णाच्या श्रद्धेची विचारपूस वैद्यकाला परकी नाही. लंडनमध्ये १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी वेदनेला शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक असे चारही पदर असतात, हे मांडले. आमच्या शेजारच्या मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभारणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेचा आग्रह धरला, आणि त्यांच्याच ग्रामगीतेत ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे.

घरातील वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी निवांत वेळी त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. आजारपणात मनाला आधार कशाचा वाटतो? दुखण्यामुळे किंवा पथ्यामुळे कोणता नेम सुटला, ज्याची रुखरुख आहे? कोणाला भेटावेसे, काय ऐकावेसे वाटते? उत्तर भजन असेल, नमाज असेल, बुद्धवंदना असेल. देवधर्म न मानणाऱ्या एखाद्याला केवळ जुना मित्र किंवा आपले शेत पाहायचे असेल. आपली श्रद्धा त्यांच्यावर लादू नये. "मागच्या जन्मीचे भोग" यासारखे शब्द तर रुग्णाजवळ उच्चारूच नयेत.

उपवास, रोजा किंवा यात्रा ठरली की निदान आठवडाभर आधी डॉक्टरांना सांगावे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी साखर धोकादायकरीत्या उतरवतात; मात्र त्या आपल्या मनाने बंद करणेही तितकेच घातक. साखर ७० च्या खाली आली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण गोळीचा परिणाम काही तास टिकतो व साखर पुन्हा उतरू शकते. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा.

अंगारा लावायचा तर अवश्य लावावा, पण गोळीच्या जागी नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश, जेवणावरची वासना उडणे असे दिसले, तर ते नैराश्य असू शकते. त्याला "नामस्मरण वाढवा" हे उत्तर पुरेसे नाही, उपचार हवेत.

त्या आजी पुढच्या कार्तिकी एकादशीच्या आठ दिवस आधीच आल्या. निर्जळी उपवास धोक्याचा, हे मी समजावले. त्यांनी दूध, फळे आणि भगर घेण्याचे मान्य केले. त्या दिवसापुरता गोळीत बदल करून मी तो कागदावर लिहून दिला. सायंकाळी मुलाने साखर तपासून मला फोन केला. ती ११८ होती. मागून टाळांचा आवाज येत होता.