दोन राधिका आणि एक सस्पेन्स खाते

मुळात मी भांडखोर माणूस नाही. बँकेच्या काउंटरमागे जन्म काढणारा माणूस भांडखोर राहूच शकत नाही. गिऱ्हाइकाने चिकटपट्टी लावलेली पाचशेची नोट पुढे सरकवून ‘तुमच्याच बँकेनं दिली’ म्हटले, तरी आम्ही हसून ‘बघू या हं’ म्हणतो. परंतु आमच्या दिवाणखान्यात (म्हणजे ज्या खोलीत टीव्ही आहे त्या खोलीत) रोज रात्री जे काही चालते, त्याविरुद्ध मला आज जाहीर तक्रार नोंदवायची आहे. तक्रार एका वाक्याची आहे. टीव्हीवाल्यांना लग्न लावता येते, लग्न मोडता येते. झालेले लग्न नांदवता मात्र येत नाही.

पाहा ना. मालिकेतले लग्न लागायला आठवडा लागतो. सोमवारी मेंदी, मंगळवारी हळद, बुधवारी कोणीतरी मंगळसूत्र लपवतो, आणि रविवारच्या दोन तासांच्या खास भागात अंतरपाट एकदाचा खाली पडतो. लग्न मोडायला तर वर्षेही पुरत नाहीत. पण या दोहोंच्या मधे जी वीस-तीस-चाळीस वर्षे असतात, ज्यांत तुम्ही आणि मी राहतो, त्यांची सोय काय? पडद्यावर एक पाटी येते : ‘काही वर्षांनंतर’. झाले! आमचा अख्खा संसार त्या पाटीत.

उदाहरणच द्यायचे तर झी मराठीवर २०१६ ते २०२१ अशी साडेचार वर्षे चाललेली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ घ्या. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला नावापासूनच ठेच लागली. एकच रक्कम दोन खात्यांवर दाखवली की आमच्याकडे ऑडिटवाला लाल शाईचे पेन काढतो. इथे त्याचीच मालिका! राधिका ही सरळ बाई, गुरुनाथ हा तिचा नवरा, मुलगा शाळेत, आणि घराबाहेर ती शनाया. आता नांदत्या संसारात सांगण्यासारखे काही नसतेच, अशी लेखक मंडळींची पक्की समजूत असल्यामुळे शनायेवाचून गाडी पुढे सरकत नाही. मी म्हणतो, का? आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली. या काळात आमच्या घरी बाहेरची म्हणून जी बाई आली, ती फक्त गॅसची केवायसी करायला आलेली.

अशा वेळी मला वागळे आठवतात.

१९८८ साली दूरदर्शनवर ‘वागळे की दुनिया’ लागली, तेव्हा मी शाळकरी होतो. आर. के. लक्ष्मण यांनी घडवलेला वागळे, कुंदन शाह यांचे दिग्दर्शन, वागळे झाले होते अंजन श्रीवास्तव आणि त्यांची बायको राधिका म्हणजे भारती आचरेकर. (हो, हीसुद्धा राधिकाच. दोन राधिकांचा घोटाळा वाचकांनी सांभाळून घ्यावा. नावे मी ठेवलेली नाहीत.) आम्हा कारकुनांना अभिमानाची गोष्ट अशी, की अंजन श्रीवास्तव हे स्वतः बँकेत नोकरी करत. त्यामुळे साहेबापुढे उभे राहताना वागळ्यांचे खांदे जे अर्धा इंच खाली उतरायचे, तो अभिनय नव्हे, तो अनुभव होता, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आमच्या मालेगावात तेव्हा गल्लीत एकच टीव्ही. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहीत. त्या टीव्हीसमोर सतरंजीवर आम्ही वीस-पंचवीस जण. मागे मागांचा खडखडाट असा, की निम्मे संवाद ऐकूच येत नसत. तरी वागळे समजायचे! नवरा काहीतरी शोधतोय, बायको न बघता हात घालून ती वस्तू काढून देतेय, याला संवाद कशाला लागतो? एका भागात वागळ्यांना एका मोटारीची धडक बसते. मोटार चालवणारा पोरगा म्हणजे तेव्हाचा नवखा शाहरुख खान. आज कोणी मालिका काढली तर त्या धडकेत वागळ्यांची स्मृती जाईल, चेहरा बदलेल आणि ते दुसऱ्याच घरी नांदू लागतील. त्या वागळ्यांना मात्र धडक बसली तरी ते वागळेच राहिले. याला म्हणतात चारित्र्य!

त्याआधी १९८४ साली ‘ये जो है जिंदगी’ होती. शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे नवराबायको. त्यांच्याकडेही तिसरा माणूस यायचा. दर आठवड्याला नवा वेश घेऊन सतीश शाह यायचे. पण तो तिसरा माणूस गोंधळ घालून परत जायचा! पाहुणा आणि खलनायक यांच्यातला फरक एवढाच, की पाहुण्याला परतीची गाडी असते.

कोणी म्हणेल, ‘यांना मालेगावात बसून कथानकाची चीड, यांना काय कळतंय सिनेमातलं?’ थांबा. कथानक आम्हाला शिकवू नका. आमच्या गावात नासिर शेख यांनी २००० साली मागावरचे कामगार घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. मग ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. तो बनताना फैजा अहमद खान यांनी त्याच्यावर माहितीपट केला, आणि २०२५ साली रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ देशभरच्या थिएटरांत लागला. शुक्रवारी माग बंद, त्या सुट्टीवर आमच्या गावाने सुपरमॅन उडवून दाखवला. मग मुंबईच्या वातानुकूलित स्टुडिओत चार-चार कॅमेरे लावून यांना एक नवरा-बायको भाजी निवडताना दाखवता येऊ नये?

इथवर भाषण मी घरात, उभा राहून, हातवारे करून पूर्ण केले होते. ‘ही’ मेथी निवडत ऐकत होती. माझी अपेक्षा टाळ्यांची नव्हती, पण चहाची होती.

“झालं?” ती म्हणाली. “अहो, तुमच्या त्या शनायेच्या मालिकेतल्या राधिकेनं पुढं काय केलं, आठवतंय का? मसाल्यांचा धंदा काढला. राधिका मसाले. गुरुनाथनं तोंडात बोट घातलं. आणि तुमच्या वागळ्यांच्या राधिकेनं काय काढलं? वागळ्यांचा डबा!”

“पण त्या संसारात शांतता होती,” मी म्हणालो.

“होती ना. ती आपोआप होती का? आणि दुनिया कुणाची? वागळे की! सगळी वस्तू तिनं शोधून द्यायची आणि पाटीवर नाव वागळ्यांचं.”

मी मुद्दा बदलण्यासाठी सांगितले, की २०२१ साली सोनी सबवर नवी ‘वागळे की दुनिया’ आली. त्यात सुमीत राघवन मुलगा झालेला आणि म्हातारे वागळे-राधिका म्हणून तेच अंजन श्रीवास्तव, त्याच भारती आचरेकर. तेहतीस वर्षांनी तीच जोडी! पडद्यावर इतका टिकलेला संसार दाखव म्हटले.

“दाखवला की,” ती म्हणाली. “आणि टिकवला कुणी ते दाखवलं का?”

चहा आला नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत एक प्रकार घडला. नोव्हेंबर महिना, म्हणजे पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना. एक आजोबा-आजी आले. खाते जोड, शर्त ‘आयदर ऑर सर्वायव्हर’. (दोघांपैकी कोणीही, नाहीतर मागे राहील तो. लग्नाची इतकी थोडक्यात व्याख्या मी तरी कुठल्या मंगलाष्टकात ऐकलेली नाही.) आजोबांचा चष्मा सापडेना. आजींनी त्यांच्याच खिशातून काढून दिला. पीपीओ नंबर त्यांना आठवेना, आजींनी तोंडपाठ सांगितला. सही नमुन्याशी जुळेना, तेव्हा म्हणाल्या, “व माय! हात कापतो त्यांचा आता. परत करा म्हणावं हळू, मी कागद धरते.” तिने कागद धरला, त्यांनी सही केली, जुळली. आजोबा रुबाबात म्हणाले, “पाहिलं साहेब? आपलं काम एकदम चोख!”

हसू आले मला. मग यायचे थांबले.

आमच्याकडे सस्पेन्स नावाचे एक खाते असते. ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती तात्पुरती तिथे ठेवायची. मालिकावाल्यांना सस्पेन्स जितका वाढेल तितका हवा. बँकेत सस्पेन्स शून्य असेल तीच शाखा चांगली. आणि तो शून्य आपोआप होत नाही. संध्याकाळी कोणीतरी बसून एकेक नोंद शोधते, जिथल्या तिथे लावते, कॅश टॅली करते. ज्या दिवशी टॅली होत नाही त्या दिवसाची गोष्ट सगळी शाखा वर्षभर सांगते. ज्या दिवशी होते त्याची कोणी सांगत नाही. मी इतके दिवस ओरडत होतो, की नांदत्या संसारात कथानक नसते. नसतेच! पण ते नसावे म्हणून घरातले कोणीतरी रोज रात्री टॅली करत असते, हे मात्र मी, कॉमर्सचा पदवीधर, विसरलो.

कॉमर्सवरून सांगायचे तर हीसुद्धा बी. कॉम. अकाउंटन्सीत माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त. २००६ साली तिने बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता. केंद्र नाशिकला, म्हणजे शंभरएक किलोमीटर. मुलगा चार महिन्यांचा, त्याला आदल्या रात्री ताप. कोणीतरी घरी थांबायला हवे होते. माझी रजा शिल्लक होती. ‘दोघांनी मिळून ठरवलं,’ असे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. तिने कधी दुरुस्ती केली नाही. शनाया नव्हती, स्मृती गेली नाही, पार्श्वसंगीत वाजले नाही. भाग तिथेच संपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा तयार होता.

तेव्हा टीव्हीवाल्यांकडे मी माझी तक्रार सुधारून पुन्हा दाखल करतो. शनाया नको, हे कायम. जुने नवराबायको हवेत, हेही कायम. पण या खेपेला कॅमेरा वागळ्यांच्या खुर्चीवरून उचला आणि ओट्याजवळ ठेवा. वस्तू सापडते तेव्हा ती कुठे होती, कोणी ठेवली होती आणि ठेवणारीला त्या वेळी दुसरे काय करायचे होते, तेही दाखवा. आणि पाटीवर नाव बदला. विनोद कमी होणार नाही, याची हमी मी देतो. आमच्या घरी तर वाढेलच.

हा लेख पाठवण्यापूर्वी हिला वाचायला दिला. तिने तो पासबुकासारखा वाचला, म्हणजे अक्षरे सोडून आकडे.

“लग्नाला वीस वर्षं लिहिलंय,” ती म्हणाली. “एकवीस झाली. एक वर्ष कुठं गेलं?”

मी सारे आकडे पुन्हा तपासले. चूक माझीच होती. पण ते वर्ष कुठल्या खात्यावर टाकायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.