गर्दी मोजा, चेहरे कशाला?

मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, नाशिक.



३१ ऑक्टोबर २०२६ ला रामकुंडावर सिंहस्थाचे ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिले अमृतस्नान. त्याआधी शहरात जे जे व्हायचे आहे, त्यातल्या रस्त्यांबद्दल आणि पुलांबद्दल प्रत्येक नाशिककराला मत आहे, कारण खड्ड्यात पाय त्याचाच जातो. खांबावरच्या कॅमेऱ्याबद्दल मात्र कोणी निवेदन घेऊन येत नाही. आलाच तर एखादा नगरसेवक ‘आमच्या प्रभागात अजून बसवा’ म्हणायला येतो. म्हणून हे पत्र. ते जाहीर लिहिण्याचे कारण असे की यातली निम्मी उत्तरे पोलिस आयुक्तालयाकडे, कुंभमेळा प्राधिकरणाकडे आणि ठेकेदाराकडे निघतील, आणि प्रत्येकाच्या आवक-जावक खिडकीवर वेगळा अर्ज देत फिरण्याची माझी हौस फिटली आहे.

मी पंचवटीत राहतो आणि कॅमेरे नकोत म्हणणाऱ्यांतला नाही. २७ ऑगस्ट २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीची आठवण इथल्या माणसांना करून द्यावी लागत नाही. सरदार चौकाजवळची ती अरुंद वाट, अडवलेली गर्दी, आणि पुढे काय झाले याची कल्पना नसलेले मागचे लोक. त्या दिवशी वरून पाहणारा एक डोळा आणि त्या डोळ्याचे ऐकणारा एक अधिकारी असता तर काही जीव वाचले असते, असे मला अजून वाटते.

पण या वाक्यात दोन माणसे आहेत, पाहणारा आणि ऐकणारा. प्रयागराजच्या महाकुंभात अडीच हजारांहून अधिक कॅमेरे होते, त्यांतले शेकडो ‘एआय’वाले. तरी २९ जानेवारी २०२५ ला मौनी अमावास्येच्या पहाटे संगमाजवळच्या चेंगराचेंगरीत सरकारी आकड्यानुसार ३० भाविक गेले. पडद्यावर गर्दी दिसणे निराळे आणि त्याच मिनिटाला मागचा रस्ता बंद करण्याचा अधिकार कोणाच्या तरी हातात असणे निराळे. निविदेत पहिल्या गोष्टीची पाने असतात. दुसरी गोष्ट निविदेतून विकत मिळत नाही.

आता मुद्द्यावर येतो. गर्दी सांभाळायला माणूस कोण आहे हे कळावे लागत नाही, किती माणसे आहेत एवढे कळले की पुरते. आणि हे नाशिकला कोणी बाहेरच्याने शिकवावे असेही नाही. २०१५ च्या सिंहस्थात, मूळ नाशिकच्याच असलेल्या एमआयटीच्या प्रा. रमेश रासकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘कुंभथॉन’मधून, आपल्या गावातल्या एका शाळकरी मुलाने पायाखाली अंथरायची चटई तयार केली होती. ‘अशिओतो’ तिचे नाव. पावलाचा दाब पडला की मोजणी व्हायची आणि कोणत्या वाटेवरून किती लोक पुढे सरकले याचा आकडा मिळायचा. चटईला जात कळत नव्हती, गाव कळत नव्हते, चेहरा तर नाहीच. पावसात, चिखलात, लाखोंच्या पायांखाली तसली चटई सगळीकडे पुरेल असा माझा दावा नाही. उंचावरचा कॅमेराही मोजणी करू शकतो, डोक्यांचे ठिपके पुरतात. पण निविदा काढताना आपण मोजणी विकत घेतो आहोत की ओळख, हे कागदावर स्पष्ट लिहिले पाहिजे. विक्रेते दोन्ही एकाच पेटीत घालून आणतात आणि आपली मंडळी ‘अद्ययावत’ या शब्दावर खूश होतात.

रामकुंड म्हणजे चौक नव्हे, हे आपल्याला सांगायला नको, पण कॅमेऱ्याचा कोन ठरवणाऱ्याला कदाचित सांगावे लागेल. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. रामकुंडावर मात्र रोज दशक्रिया असते. डोके भादरून घेणारा मुलगा, अस्थी सोडताना ज्याला रडू आवरत नाही असा जावई, ओल्या साडीत काठावर आलेली आजी आणि तिच्यासाठी लुगड्याचा आडोसा धरून उभ्या असलेल्या दोघी सुना. त्या आडोशाला वरून छप्पर नसते. खांबावरचा कॅमेरा नेमका वरून पाहतो. आपल्याकडची कपडे बदलण्याची सोय अशी आहे की बायका अजून आडोशावरच भिस्त ठेवतात, हा महापालिकेचा दुसरा विषय. तूर्त तो बाजूला ठेवतो.

ही भीती काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजला स्नान करणाऱ्या स्त्रियांची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या आणि विकणाऱ्या खात्यांवर उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. ते चित्रण कोणाच्या फोनवरचे असेल, सरकारी नसेल, असे धरून चालू. पण त्याच महिन्यात राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या सीसीटीव्हीचे चित्रण टेलिग्रामवर विकले जात असल्याचे उघड झाले, आणि गुजरात पोलिसांनी पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. तो कॅमेरा रुग्णालयाने सुरक्षेसाठीच बसवला होता. मूळचा सोपा पासवर्ड बदलण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. ९ एप्रिल २०२५ पासून केंद्राने सीसीटीव्हीसाठी सुरक्षा-चाचणीची अट घातली आहे. त्याआधी आपल्या शहरात बसलेल्या कॅमेऱ्यांचे काय, हा प्रश्न मी आत्ताच विचारून ठेवतो.

घाटापुरता उपाय फार अवघड नाही. चित्राचा ठरावीक भाग कायमचा झाकून टाकण्याची सोय आजकालच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असते. स्नानाच्या आणि कपडे बदलण्याच्या जागा झाका. पायऱ्यांवरची मोजणी त्याने अडत नाही. आणि नियंत्रण कक्षात, जिथे हे सगळे पाहिले जाते, तिथेही एक कॅमेरा बसवा. पडद्यासमोरचा माणूस स्वतःचा फोन काढून पडद्याचा फोटो घेतो, तेव्हा पासवर्ड कितीही मोठा असून उपयोग नसतो.

चेहरा ओळखण्याच्या यंत्रणेबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, गुन्हेगार सापडतील. समजा, यंत्र हजारांत एकदाच चुकते. अमृतस्नानाच्या दिवशी दहा लाख चेहरे त्याच्यासमोरून गेले तर हजार निरपराध माणसांवर लाल चौकट येईल. त्यांतल्या किती जणांना बंदोबस्तावरचा शिपाई नम्रपणे ‘माफ करा’ म्हणेल? दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार ते ८० टक्क्यांवरच्या जुळणीला जुळणी मानतात. उरलेल्या वीस टक्क्यांत कोणाचा तरी भाऊ असतो.

दुसरी गोष्ट मला खरोखर पटते. हरवलेली माणसे. बुलढाण्याहून आलेली, मराठीशिवाय दुसरी भाषा न कळणारी, फोन नसलेली म्हातारी गर्दीत सुटली, तर तिला शोधायला कॅमेरा लागला तर लागू द्या. तिच्या घरच्यांनी तिचा फोटो ‘हरवले-सापडले’ केंद्रावर द्यावा, तेवढाच चेहरा तेवढ्याच दिवसापुरता शोधावा, सापडली की पुसावा. यासाठी बाकीच्या लाखोंचे चेहरे साठवून ठेवण्याचे कारण पडत नाही. विक्रेता म्हणेल, पडते. त्याला कारण लेखी मागा.

कायद्याचे म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्यावर बंधन घालायचे तर आधाराला कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या मापाचा हवा, अशी कसोटी घालून दिली. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात दिवाबत्ती आहे, गटारे आहेत, चेहरे ओळखणारे यंत्र असण्याचे कारणच नव्हते. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला, पण सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट त्याच्या सतराव्या कलमातच ठेवलेली आहे. तेव्हा वरून नियम येईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. महापालिकेने स्वतःचा करावा. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे इथे प्रशासकच होते आणि कोणता कॅमेरा कुठे, यावर कोणी कोणाला विचारत नव्हते. आता निवडून आलेली महासभा आहे. तिच्यापुढे हे धोरण मांडा, नुसती खरेदीची मंजुरी नव्हे.

माझी सर्वांत मोठी काळजी मेळा संपल्यानंतरची आहे. तंबू निघतात, साधुग्राम रिकामे होते, कॅमेरा राहतो. भाविकांसाठी घेतलेला कॅमेरा मग मोर्चा पाहू लागतो, महाविद्यालयाबाहेरची जोडपी पाहू लागतो. २०१० साली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या मुस्लिम वस्त्यांत दोनशेहून अधिक कॅमेरे बसवले गेले. रहिवाशांना सांगितले, गुन्हेगारी रोखण्यासाठी. पैसा निघाला दहशतवादविरोधी निधीतला. गवगवा झाल्यावर कॅमेऱ्यांवर पिशव्या चढवाव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी ते उतरवले गेले. पोलिसांवरचा विश्वास काही त्याबरोबर परत बसवता आला नाही. आपल्याकडे भद्रकालीत किती कॅमेरे, वडाळ्यात किती आणि गंगापूर रोडला किती, याचा नकाशा प्रसिद्ध करा. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम अशाच गोष्टी न मागता द्यायला सांगते.

आणि हाच कॅमेरा नागरिकाच्या कामाला कधी येतो? अपघातात जखमी झालेल्या मुलाचा बाप चित्रण मागायला गेला की ‘पोलिसांचे पत्र आणा’, पत्र आणले की ‘वर दुसरे रेकॉर्डिंग चढले’. मिळालेच तर कोर्टासाठी लागणारे प्रमाणपत्र मिळत नाही. ते सक्तीचे आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले ते आपल्या जालन्याच्याच निवडणूक खटल्यात, आणि तिथेही सरकारी कार्यालयाने चित्रण दिले होते, प्रमाणपत्र नव्हते. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात तीच अट आहे. चित्रण किती दिवस ठेवणार, कोणाच्या अर्जावर राखून ठेवणार आणि प्रमाणपत्रावर सही कोणाची, एवढे तीन ओळींत ठरवता येते. पोलिस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण अठरा महिने ठेवा, असे न्यायालयाने सांगितले, कारण कोठडीतल्या माणसाला तक्रार करायला वेळ लागतो. रामकुंडावर अंघोळ केलेल्या बाईचे चित्रण अठरा महिने ठेवण्याचे तसले कोणतेही कारण नाही. तिथे पंधरा दिवस पुष्कळ झाले.

प्रत्येक खांबावर पाटी लावा: कॅमेरा कोणाचा, कशासाठी, तक्रार कोणाकडे. मेळ्यासाठी बसवलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याची मुदत मेळ्याच्या समाप्तीला, २४ जुलै २०२८ ला, आपोआप संपेल असा ठराव करा. ज्याला तो पुढे हवा असेल त्याने महासभेत येऊन कारण सांगावे.

हा विषय महासभेच्या कोणत्या तारखेला घेणार ते कळवावे, ही विनंती. प्रेक्षकांत बसायला आम्ही काही पंचवटीकर येऊ.

कळावे,
आपला,
पंचवटीतील एक घरपट्टी भरणारा